अपोलोनियाची मेणबत्ती

ओटिली डॉटरवाइख आमच्या ओबरझिनबाखच्या चर्चची व्यवस्था एकेचाळीस वर्षं बघते आहे. सकाळी सहाला दार उघडायचं, घंटा वाजवायची, वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करायची, मेणबत्त्यांच्या वाती कापायच्या, आणि फादरांनी प्रवचन लांबवलं की खांबाआडून खोकायचं. एवढ्या वर्षांत पाच फादर आले नि गेले, ओटिली तिथेच आहे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असताना तिचा मोठा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. गेल्या दोन नोव्हेंबरला तो ऐकला, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात जो गुंता झालाय तो काही सुटत नाही. लिहून बघावं म्हणून बसले आहे.

मी रोझविटा. या गावात बत्तीस वर्षं मी टपाल वाटलं, आधी सायकलवर, मग पिवळ्या गाडीतून. आमच्याकडे पाकिटावरचं आडनाव एक असतं आणि माणसाला हाक मारायचं नाव दुसरंच. घराचं जे नाव तेच माणसाचं. ओटिलीला डॉटरवाइख म्हणून कुणी ओळखत नाही, ती पूलचक्कीची ओटिली. पाववाला कास्पर वरच्या भट्टीचा. मी चक्कीच्या शेजारी राहते, आणि मी खोगीरवाल्यांची, जरी आमच्या घरात दीडशे वर्षांत कुणी खोगीर शिवलेलं नाही. माझ्या जागी आलेल्या टपालवाल्याला हे पाठ व्हायला दोन वर्षं लागली आणि तोवर लोकांनी त्याला रडकुंडीला आणलं. मला झोपेतून उठवून विचारलंत तरी गावातली एकशे सत्तर घरं क्रमाने सांगेन. त्याचा मला फार गर्व होता. गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगीच नाही.

ओटिलीचा जन्म चक्कीतलाच. तिचे वडील पंचक्रोशीचं धान्य दळायचे. ती बारा वर्षांची असताना चाक थांबलं, पण ओढ्याचं पाणी अजून घराखालून वाहतं आणि तिच्या स्वयंपाकघरात बसलं की मोठ्याने बोलावं लागतं. ओटिली तिथेही हळूच बोलते. मग आपण दोनदा विचारायचं, तिने दोनदा सांगायचं, अशी आमची साठ वर्षांची मैत्री. तिचं लग्न एकदा ठरलं होतं, शेजारच्या गावातल्या एका सुताराशी. तो म्हणाला, माझ्या गावी चल. ही म्हणाली, मग इथली सकाळची घंटा कोण वाजवणार? त्याला वाटलं ही थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. तो सुतार पुढे दुसरीशी लग्न करून सुखी झाला, आणि ओटिलीही दुःखी झाली असं मला कधी दिसलं नाही.

तिची एक गोष्ट मात्र सगळ्या गावाला माहीत आहे. ओटिली कुणाचं नाव सांगत नाही. शाळेत काच फुटली, शाई सांडली, बाईंनी विचारलं की वर्गातली अर्धी मुलं एकमेकांकडे बोट दाखवायची आणि ओटिली मुकी व्हायची. एकदा काच मी फोडली आणि छड्या तिने खाल्ल्या. तिला राग आला नाही, मलाच आला. एवढं चांगलं वागून माणूस दुसऱ्याला उगाच लाजवतो, असं मला वाटायचं आणि अजूनही कधीकधी वाटतं.

आता चेटकिणींचं सांगते. चारशे वर्षांपूर्वी आमच्या गावात दोन वर्षांत एकोणीस माणसं चेटकिणी म्हणून जाळली. पंधरा बायका, चार पुरुष. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. जिथे जाळली तिथे आता फुटबॉलचं मैदान आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मेख्टिल्डबाईंनी नगरसभेला पत्र दिलं की या माणसांची आठवण ठेवायला हवी. झालं. भिंतीवर पाटी लावायची तर तिच्यावर काय लिहायचं यावर सभेने वर्ष घालवलं. एकाला 'निरपराध' हा शब्द हवा होता. दुसरा म्हणाला, मग अपराधी कोण तेही लिहावं लागेल. तिसरा म्हणाला, खटले बिशपच्या कोर्टाने चालवले, गावाने फक्त लाकडं दिली. त्यावर पाटीचा विषयच बारगळला.

शेवटी ठरलं की दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्सेत ती एकोणीस नावं वाचायची. आमच्याकडे त्या दिवशी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. नाव वाचलं की घरचं एक माणूस उठतं, पुढे जातं आणि ओटिलीच्या हातातल्या ज्योतीवरून मेणबत्ती लावतं. घरचं कुणी उरलं नसेल तर शेजारचं उठतं. ओटिली स्वतः लावत नाही, ती फक्त ज्योत धरते. आपलं माणूस आपल्या हाताने उजेडात ठेवायचं, अशी रीत आहे.

तर मग या एकोणीस जणांची घरची माणसं शोधायला हवी होती, आणि त्यासाठी मेख्टिल्डबाई माझ्याकडे आल्या. कोर्टाच्या जुन्या कागदांत बायकांना आडनाव नव्हतं. अमक्या घरची कुनिगुंडा, तमक्या घरच्याची बायको अपोलोनिया, एवढंच. पण घरांची नावं तीच होती, जी मी बत्तीस वर्षं तोंडाने घोकली. मी प्लमचा केक कापला, चष्मा लावला आणि पटापट सांगत गेले. चौदा घरं, एकोणीस माणसं, एकही पत्ता अडला नाही. मेख्टिल्डबाई म्हणाल्या, तुम्ही नसता तर मला तीन वर्षं लागली असती. मला काय, आकाश ठेंगणं झालं.

घरोघरी जाऊन सांगायचं कामही मीच घेतलं. जन्मभर लोकांच्या दारात बातम्याच टाकल्या होत्या, ही एक जास्त. वाटलं होतं लोक गंभीर होतील. काही झालेही. पण बऱ्याच जणांना फुशारकीच चढली. एका घरात विचारलं, आमची एकच का? समोरच्यांच्या तर दोन आहेत. वरच्या भट्टीच्या कास्परने दुकानाच्या काचेवर कागद लावला की कुनिगुंडा आमची, आणि दर शनिवारी तिच्या नावाचा राय धान्याचा पाव काढायला लागला. पाव चांगला होता, ते कबूल करते.

ओटिलीला सांगायला गेले तेव्हा ती वेदीचं कापड इस्त्री करत होती. मी म्हटलं, पूलचक्कीची अपोलोनिया, म्हणजे तुझी. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि बसली. मग विचारलं, वय काय होतं? चौतीस. मुलं? दोन. त्या दिवसापासून ओटिली तिला 'आमची अपोलोनिया' म्हणायला लागली. जिला भाऊ नाही, बहीण नाही, मूल नाही, तिला त्र्याहत्तराव्या वर्षी एक माणूस मिळालं. मला फार बरं वाटलं, आणि ते मी मिळवून दिलं याचं त्याहून बरं.

जूनमध्ये मेख्टिल्डबाईंचा कोर्टाच्या कागदांचा दुसरा गठ्ठा वाचून झाला. त्यात जबान्या होत्या. अपोलोनिया ही तिसरी पकडलेली. तिच्या आधीच्या दोघींनी कुणाचंही नाव घेतलं नाही. अपोलोनियाचा अंगठा शिकंज्यात आवळला तेव्हा तिने नावं घेतली. अकरा. त्यातली नऊ माणसं जळाली आणि त्यांतली एक कुनिगुंडा.

कास्परने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की चक्कीवालीचं नाव वाचणार असाल तर आमच्या कुनिगुंडेचं वाचू नका. दुकानात पाव बांधता बांधता तो मला म्हणाला, "दोघींची मेणबत्ती एका पाटावर ठेवायची म्हणजे कोंबडी नि कोल्हा एका खुराड्यात."

मी म्हटलं की अरे, तिचा छळ झाला होता, छळ केल्यावर कोण बोलणार नाही?

"तिच्या आधीच्या दोघी," कास्पर म्हणाला. "मेल्या, पण बोलल्या नाहीत."

मी पाव पिशवीत टाकून घरी आले. गावात मात्र बोलणं काही थांबलं नाही. खानावळीत दोन तट पडले. ज्यांना आपल्या सख्ख्या आजीचं माहेरचं नाव आठवत नाही ती माणसं चारशे वर्षांपूर्वीच्या बाईवरून हातघाईवर आली. ओटिलीला कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त ती दुकानात शिरली की लोक हवापाण्याचं बोलायला लागायचे. जन्मात जिने कुणाची चहाडी केली नाही, ती आता नऊ जणांना चितेवर पाठवणाऱ्या घरची झाली.

एका शनिवारी सकाळी दुकानात रांग असताना ओटिली सगळ्यांच्या पुढे गेली. मी तिच्या मागेच होते. तिने कास्परला सांगितलं की आमच्या अपोलोनियामुळे तुमची कुनिगुंडा गेली, मी माफी मागायला आले आहे.

कास्परने हात पुसले. पुसतच राहिला. "माफ केलं म्हणू, तर कुनिगुंडेच्या वतीने बोलणारा मी कोण? नाही केलं म्हणू, तर तुझ्यावर राग धरणारा मी कोण? तू आपला पाव घे नि जा, बाई."

"पण राग तर तू धरलाच आहेस," ओटिली म्हणाली.

"धरलाय. कुणावर, तेच कळत नाही."

तिने पाव घेतला आणि गेली. रांगेतल्या कुणालाही बोलायला हवापाणीसुद्धा सुचलं नाही.

ऑगस्टमध्ये एक दिवस ओटिलीच्या डाव्या अंगठ्याला पट्टी दिसली. दारात सापडला म्हणाली. ओटिलीला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. मी कॉफी संपवली आणि म्हटलं, आता खरं सांग. तिने सांगितलं. वडिलांच्या वेळचा, लाकूड आवळून धरायचा लोखंडी शिकंजा चक्कीच्या मागच्या खोलीत अजून आहे. तिने त्यात अंगठा घातला आणि दुसऱ्या हाताने दांडा फिरवला.

मी म्हटलं, तुला वेडबीड लागलंय का? या वयात?

"मला बघायचं होतं कुठवर जमतं ते," ती म्हणाली. पाण्याच्या आवाजात मी पुढे वाकून ऐकत होते. "दोन फेऱ्यांपर्यंत ठीक होतं. तिसऱ्याला तोंडात नाव आलं."

"कुणाचं?"

"तुझं."

मी हसले. हसले म्हणजे हसण्यासारखं काहीतरी केलं. म्हटलं, विचारलं कुणी होतं?

"कुणीच नव्हतं विचारायला. एकटीच तर होते." मग माझं समाधान करावं तसं ती म्हणाली, "पुढचं नाव आलं नाही गं. तुझ्या नावावरच मी दांडा सैल केला."

मी घरी आले. त्या आठवड्यात तिच्याकडे कॉफीला गेले नाही. मला वाईट वाटलं होतं आणि वाईट वाटल्याची लाजही वाटत होती. सगळ्यात जवळचं नाव आधी तोंडात येतं, म्हणजे ही माया झाली की काय झालं? माझ्या तोंडात कुणाचं आलं असतं? मी घरातल्या घरात विचार करून बघितला आणि मलाही ओटिलीशिवाय दुसरं नाव सुचेना. पण विचार करणं वेगळं आणि अंगठा घालून बघणं वेगळं. नवव्या दिवशी मी गेले. आम्ही त्यावर बोललो नाही.

सप्टेंबरभर ओटिली तयारी करत होती. तिने फादर झिगमुंटना विचारलं की ज्योत धरणारी मीच आणि घरचं माणूसही मीच, मग कसं करायचं? फादर पोलंडचे, त्यांना आमची घरांची नावंच अजून कळलेली नाहीत. ते म्हणाले, देवाला चालेल तसं करा. ओटिलीने ठरवलं की अपोलोनियाच्या वेळी ज्योत क्षणभर माझ्या हातात द्यायची आणि स्वतः मेणबत्ती लावायची. कुणी पाठ फिरवून उठून गेलं तर जाऊ दे, पण आपण लावायची. एवढं तिचं पक्कं झालं आणि तिला झोप लागायला लागली.

चोवीस ऑक्टोबरला मेख्टिल्डबाई माझ्या दारात आल्या आणि बसायला तयार होईनात. त्यांच्या हातात एका कागदाची प्रत होती. अपोलोनियाला जाळल्यावर तिच्या नवऱ्याला आणि दोन मुलांना शिवेबाहेर घालवलं. पुढे त्या तिघांचा कुठल्याच गावच्या वहीत पत्ता नाही. रिकामी चक्की कोर्टाने आपल्या लेखनिकाला बक्षीस दिली. जबान्या लिहून घेण्याचे त्याचे कष्ट झाले म्हणून. त्याचं नाव हान्स डॉटरवाइख.

मी ते नाव तीनदा वाचलं. डॉटरवाइख. बत्तीस वर्षं मी तेच नाव वाचून पाकिटं ओटिलीच्या पेटीत टाकली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. घर विकत घेतलं की घराचं नाव अंगाला चिकटतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझे पणजोबा दुसऱ्या गावाहून आले, खोगीरवाल्याचं घर घेतलं आणि खोगीरवाले झाले. पण पूलचक्कीचे लोक पहिल्यापासून तिथलेच, असं सगळं गाव मानत होतं, मीही मानत होते, आणि मानलेली गोष्ट कोण तपासतं? मेख्टिल्डबाईंना मी विचारलं, मग बाकीच्या तेरा घरांचं तरी खरं कशावरून? त्या म्हणाल्या, नऊ दिवस राहिलेत, आता ते नका काढू.

सांगायचं की नाही? मला पहिल्यांदा वाटलं, नको. तिला तिची अपोलोनिया राहू दे. मग वाटलं, कुणा दुसऱ्याचं पाप ती आपलं म्हणून वाहते आहे, ते तरी उतरेल. मग लक्षात आलं की उतरेल ते उतरेल, पण त्याच्या जागी काय चढेल? दुपारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. बत्तीस वर्षांत मी एकही पत्र दाबून ठेवलं नव्हतं. शेवटी त्याच सवयीने गेले. शहाणपणाने गेले असं म्हणता येणार नाही.

ओटिली मेणबत्त्यांच्या वाती कापत होती. मी सगळं सांगितलं, दोनदा, पाण्यामुळे. तिने कात्री खाली ठेवली.

"त्याचं अक्षर कसं होतं?" तिने विचारलं.

मी ते कागद पाहिले होते. "सुरेख," मी म्हटलं. "एकही खाडाखोड नाही."

ती हाताकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही आयत्या बिळावरचे नागोबा." आणि पुढे, "ती ओरडत असेल तेव्हा तो थांबत असेल का गं, की लिहीतच असेल?"

मी म्हटलं, चारशे वर्षांत तुझे पूर्वज हजारोंनी झाले, त्यात चोर असतील, संत असतील, लेखनिक असतील, त्यातला एकच का उचलून गळ्यात बांधतेस?

"असतील," ओटिली म्हणाली. "पण घर एकाकडूनच आलं." मग तिने कात्री उचलली. "तिची मेणबत्ती आता कोण लावणार?"

बातमी गावभर व्हायला एक दिवस लागला. मी फक्त कास्परला सांगितलं होतं, म्हणजे गावालाच सांगितलं म्हणायचं. कास्परला फार लागलं. चार महिने चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, असं तो स्वतःच म्हणाला. एक नोव्हेंबरची गोड वेणी, म्हणजे वेणीसारखा गुंफलेला पाव, तो दरवर्षी करतो, तिघा माणसांना पुरेल अशी एक घेऊन तो चक्कीवर गेला आणि म्हणाला की माझं चुकलं ओटिली, तुझा तिच्याशी काहीच संबंध नव्हता. ओटिलीने त्याला सांगितलं की आता तर आहे. तो वेणी खिडकीत ठेवून परत आला आणि माझ्यावरच वैतागला. ही बाई एक ओझं उतरवलं की दुसरं घेते म्हणाला, हिला हवंय तरी काय? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. वरची भट्टी त्याच्या घराण्यात कधी आली आणि कुणाकडून, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

दोन नोव्हेंबरला संध्याकाळी पाचला चर्च भरलं होतं. जे नाताळलाही येत नाहीत तेही आले होते. पुढे लांब पाटावर मेणबत्त्या मांडलेल्या, बाजूला ओटिली, काळ्या कोटात, हातात लांब काडीवरची ज्योत. आधी वर्षातले सहा जण झाले. मग मेख्टिल्डबाई उठल्या आणि जुनी नावं सुरू झाली, ज्या क्रमाने माणसं मारली त्या क्रमाने. पहिली ती, जी बोलली नव्हती. तिच्या घरचं माणूस उठलं, लावून आलं. दुसरी, तीही बोलली नव्हती. तिच्याही घरचं उठलं.

"पूलचक्कीची अपोलोनिया," मेख्टिल्डबाईंनी वाचलं. "वय चौतीस."

कुणी उठलं नाही. उठणार कोण होतं? फादर झिगमुंट कागदात बघायला लागले. तेवढ्यात ओटिलीने लोकांकडे तोंड केलं आणि ती बोलली. ओरडली नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"तिचं कोणी नाही. तिच्या घरात मी राहते. तिची जबानी ज्याने लिहून घेतली, त्याच्या घराण्यातली मी. माझ्या हाताने नको. शेजारचं कोणी असेल तर या."

चक्कीला शेजार एकच आहे. सगळी डोकी माझ्याकडे वळली. काही न कळता फादरही माझ्याकडे बघायला लागले.

मला उठायचं होतं. हे मी शपथेवर सांगते. एक चौतीस वर्षांची बाई, तिची दोन मुलं, आणि समोर माझी साठ वर्षांची मैत्रीण ज्योत पुढे धरून उभी. आठ पावलं चालायची होती, त्यात काय मोठं? पण माझे हात बाकाला धरून राहिले. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त एवढंच की हिने माझं नाव घेतलं. कुणी विचारत नसताना घेतलं. आणि राग तरी कुणावर होता? ओटिलीवर, की त्या जळालेल्या बाईवर, की ज्या शहाण्या बाईने पटापट चौदा घरं सांगितली तिच्यावर? मी बसून राहिले. मेख्टिल्डबाई नंतर म्हणाल्या की अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला नसेल.

मग ओटिलीने मान हलवली, म्हणजे पुढचं वाचा. पुढचं नाव कुनिगुंडेचं होतं. कास्पर उठला. त्याने मेणबत्ती लावली आणि परत फिरताना तो त्या न लागलेल्या मेणबत्तीपाशी थांबला. आता हा लावतो, असं मला वाटलं, आणि मनापासून सांगते, त्याने लावू नये असंही वाटलं, कारण ती माझी होती. तो खाली बघून जागेवर गेला. उरलेली पंधरा नावं झाली. जुन्या एकोणीसपैकी अठरा मेणबत्त्या जळत होत्या.

लोक पांगले. मी पायऱ्यांवर थांबले. आत ओटिलीने पाट आवरला, दिवे मालवले, दाराला कुलूप घातलं आणि ते दोनदा ओढून बघितलं. आम्ही नेहमीसारख्या बरोबर निघालो. पुलावर पाण्याचा आवाज सुरू झाला तशी ती थांबली, आणि मला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने म्हणाली, "तू उठशील असं वाटलं होतं."

"मलाही," मी म्हटलं.

मग ती तिच्या घरात गेली आणि मी माझ्या.